खाट क्रमांक अकराचा ठराव

एकोणीसशे छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला बुऱ्हाणपूर जागचं तसूभरही हललं नाही; हलली ती त्याची राजधानी. आदल्या दिवसापर्यंत ती नागपूरला होती, दुसऱ्या दिवशी भोपाळला गेली. गावाने ही बातमी शांतपणे ऐकली, मावा जिलेबीचा भाव कालचाच आहे ना याची खात्री करून घेतली आणि जो तो आपापल्या कामाला लागला. धक्का बसला तो बुधवारा पेठेतल्या ताप्तीमाई धर्मादाय रुग्णालयाला. त्याला दरसाल मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची फाईल राजधानीबरोबर निघाली होती. राजधानी पोचली तरी फाईल पोचली नव्हती.

रुग्णालय तसं लहानच होतं. बारा लोखंडी खाटा, अनंत डॉक्टर, धुरपदाबाई नावाच्या एक नर्सबाई आणि लीलाधर महाजन नावाचा एक कारकून. नावनोंदणी, पत्रव्यवहार, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली भांडणाऱ्या नातेवाइकांना गप्प करणं ही सगळी खाती लीलाधरकडे होती. आसपासच्या खेड्यांतले लोक फी केळीच्या घडांत देत. त्यामुळे टिंक्चर आयोडीन संपलेलं असलं तरी केळी कधी संपत नसत, आणि बहुतेक रोगांवर केळं चालतं असं अनंत डॉक्टरांचं अनुभवाने बनलेलं मत होतं.

लीलाधरला फाईलची काळजी इतरांपेक्षा जास्त होती आणि तिचं कारण घरगुती होतं. बायको लवकर गेल्यावर त्याने एकट्याने वाढवलेली मुलगी वंदना रावेरला दिलेली होती आणि मार्चअखेर तिचं पहिलं बाळंतपण होतं. ते माहेरी व्हायचं हे रीतीला धरूनच होतं. पण लीलाधरने रीतीच्या पुढे जाऊन व्याह्यांना लेखी कळवलं होतं की आमची मुलगी चटईवर बाळंत होणार नाही. आमच्या रुग्णालयात लोखंडी खाट, कापसाची गादी, दोन उशा आणि शिकलेली नर्सबाई आहे. व्याही कौतिकराव चौधरी ते पत्र खिशात घालून संक्रांतीला स्वतः वंदनाला पोचवायला आले.

"महाजन, तुमची राजधानी गेली भोपाळले, अन् तुमचं नागपूर आलं आमच्या मुंबई राज्यात," तिळगूळ चघळत कौतिकराव म्हणाले. "तुमची फाईल सापडत नसंल तं आम्हाले सांगा. आम्ही शोधून देतो."

"फाईल येईल," लीलाधर म्हणाला.

"येवो बापा. पन खाट नसंल तं आताच सांगा. पोरीले गाडीत घालून वापस नेतो. रावेर काय लई दूर नाई."

"खाट आहे," लीलाधर म्हणाला. त्याच दुपारी त्याने बारा नंबरच्या खाटेच्या दांडीला वंदनाच्या नावाची चिठ्ठी बांधली. दोन गाठी मारल्या.

जानेवारीच्या शेवटी फाईल आली नाही. तिच्याऐवजी पत्र आलं. ते शुद्ध हिंदीत होतं, म्हणून लीलाधरने ते तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्याचा अर्थ तोच निघाला. रुग्णालय तोट्यात आहे. तोट्यातल्या संस्थेला अनुदान देता येत नाही. मात्र संस्थेने पंधरा जणांचं नियामक मंडळ नेमलं, त्या मंडळाने आर्थिक पुनरुज्जीवनाची योजना लागोपाठ तीन सभांत एकमताने मंजूर केली, प्रत्येक सभेला किमान अकरा सभासद जातीने हजर राहिले आणि तिसरी सभा आमच्या निरीक्षकाने डोळ्यांनी पाहिली, तर विचार करता येईल. मुदत एकतीस मार्च. त्यानंतर रुग्णालय बंद समजावं.

गावात नियम कळणारा एकच माणूस होता, गजाननराव वकील. त्यांनी पत्र वाचून समाधानाने मान हलवली.

"मी केव्हापासून म्हणतोय, या रुग्णालयाला मंडळ नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं नुसते रोगी बरे करत बसलात."

त्यांनी दोन दिवसांत नियमावली लिहून काढली. रोख अकरा रुपये देईल तो सभासद, असे पंधरा जण होईपर्यंत. जागा रिकामी झाल्यास, सभा चालू असताना सभेच्या ठिकाणी अकरा रुपये देणारा पहिला इसम आपोआप सभासद. परराज्यातला रहिवासी चालणार नाही, कारण राज्यं नुकतीच वेगळी झाली होती. रुग्णालयाचा नोकर चालणार नाही, कारण त्याला रुग्णालयाची माहिती असते आणि त्यामुळे सभा लांबते. बाकी वय, शिक्षण किंवा कळकळ यांची अट नव्हती. अशा अटी घातल्या तर पंधरा जण मिळणार नाहीत, हे गजाननरावांचं म्हणणं रास्त होतं.

पंधरा जण एका सकाळीत मिळाले. केळीचे मोठे बागाईतदार चुडामण पाटील अध्यक्ष झाले, गजाननराव सचिव झाले, सरकीवाले निंबाजीशेठ उपाध्यक्ष झाले आणि उरलेले बारा जण आपण अध्यक्ष का झालो नाही याचा विचार करू लागले. जमलेल्या एकशे पासष्ट रुपयांतून एकशे साठ रुपयांची संगमरवरी पाटी झाली. तिच्यावर पंधराही नावं कोरली होती. उरलेल्या पाच रुपयांत पहिल्या सभेची मावा जिलेबी आली. अशा रीतीने आर्थिक पुनरुज्जीवनाला सुरुवात झाली.

पहिल्या सभेला सात जण आले. त्यांनी पंधरा जणांची जिलेबी खाल्ली आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली. दुसऱ्या खेपेला नऊ आले. कुणाची केळी लालबाग स्टेशनात वॅगनमध्ये चढायची होती, कुणाचा भाचा नेपानगरच्या कागद कारखान्यात लागायचा होता, कुणी निवडणुकीत मत मागत होतं तर कुणी मत देऊ की नको असं करत होतं. तिसऱ्या खेपेला दहा आले. अकराव्याची वाट पाहण्यात दुपार गेली. तो पाटीवरचं आपलं नाव पाव्हण्यांना दाखवून दारातूनच परत गेला होता. फेब्रुवारी संपला. वंदनाला आठवा सरून नववा लागला होता, आणि बंद रुग्णालयात बारा नंबरच्या खाटेचा काही उपयोग नव्हता.

त्यातच गैरहजर सभासदांची जिलेबी वाया जाऊ नये म्हणून झटणारे चुडामण पाटील त्या तिसऱ्या खेपेनंतर स्वतःच आडवे झाले. अनंत डॉक्टरांनी त्यांना तीन नंबरच्या खाटेवर घेतलं. केळं मात्र बंद केलं.

तिथे त्यांच्या उशाशी बसलेल्या लीलाधरला ती कल्पना सुचली. पुढे जे झालं त्याचा दोष गावाने मंडळाला दिला, पण न्यायाने तो लीलाधरचा होता. तो गजाननरावांना एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब, पाटील आता सभेला गैरहजर राहूच शकत नाहीत. दाखल झालेल्या माणसाला डॉक्टरच्या सहीशिवाय घरी जाता येत नाही. आपल्याकडे हा एकच नियम खरोखर पाळला जातो."

गजाननरावांनी नियमावली उघडून कोरमचं पान काढलं. मग त्यांनी विचारलं, "खाटा किती?"

"बारा. एक माझ्या वंदनाची. उरल्या अकरा."

"आणि कोरम अकराचा," गजाननराव म्हणाले. योगायोग इतका चोख होता की त्यामागे ईश्वरी संकेत असावा असं दोघांनाही वाटलं.

अनंत डॉक्टर स्वभावाने गरीब. धडधाकट माणसांना दाखल करायचं म्हटल्यावर त्यांनी घाबरत विचारलं, "रोग काय लिहू?"

"सार्वजनिक कार्याचा ताण," गजाननराव म्हणाले.

"त्यावर औषध नाही."

"म्हणूनच दाखल करायचं."

सभासदांनी आधी नाही म्हटलं. पहिला दिवस राहिल्यावर मात्र कुणी घरी जायचं नाव काढेना. घरून डबा यायचा, दराब्याची मिठाई यायची, पाय चेपायला गडी यायचा. बायको सकाळ-संध्याकाळ येऊन मायेने विचारपूस करायची, जी तिने घरी कधी केली नव्हती. पाव्हणेरावळे फळं घेऊन भेटायला यायचे. देणेकरी आजारी माणसाला त्रास नको म्हणून येत नसत आणि घेणेकरीही त्याच कारणाने येत नसत. गजाननरावांसह अकरा खाटा भरल्या. त्यांवर आधी असलेले रोगी अंगणात कडुनिंबाखाली हलवण्यात आले. लीलाधरने वहीत त्याची नोंद ‘तात्पुरती हवापालट’ अशी केली.

धुरपदाबाईंनी हे चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्या लीलाधरच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, बिमार मानसं झाडाखाली अन् चांगले खाटेवर. हे मले समजून सांगा."

"तीन सभा होऊ द्या, बाई. तात्पुरतं आहे."

"टायफाईडच्या म्हाताऱ्यालेबी सांगते मंग, तात्पुरता हाय म्हनून."

लीलाधर खाली मान घालून बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिला. चिठ्ठी उलटी चिकटली.

पण कोरमसकट पहिली सभा झाली. अकराच्या अकरा हजर होते; काही जण बसून, काही जण कुशीवर. वॉर्डाच्या मधोमध टेबल मांडून त्यावर हिरवं कापड घातलं होतं. एका आठवड्याने दुसरी सभा झाली. तिच्यात लीलाधरने महिन्याचा ताळेबंद मांडला आणि सगळे चकित झाले. रुग्णालयाचा तोटा निम्म्यावर आला होता. खाटेवरच्या माणसांना औषध लागत नव्हतं, जेवण त्यांच्या घरून येत होतं आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फळं विकून दोन पैसे सुटत होते. खाटा शंभर टक्के भरलेल्या होत्या आणि खाटेवर एकही मृत्यू झाला नव्हता. कडुनिंबाखालचा टायफाईडचा म्हातारा गेला होता, पण झाड हे खाटांच्या तक्त्यात येत नव्हतं.

"मंग योजना अजून काय करायची राह्यली?" तीन नंबरच्या खाटेवरून चुडामण पाटील म्हणाले. "आम्ही इथं पडून राह्यलो, हेच पुनरुज्जीवन."

गजाननरावांनी ते वाक्य शुद्ध करून योजनेत घातलं. शिवाय एक चौदावा नियम केला: प्रत्येक सभासदाच्या जागेला एक खाट जोडलेली राहील आणि ती मंडळाच्या ठरावाशिवाय इतर कुणाला देता येणार नाही. तोही एकमताने मंजूर झाला. लीलाधरने तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

तिसरी सभा एकोणतीस मार्चला, शुक्रवारी सकाळी दहाला ठरली. त्याच्या दोन दिवस आधी अकरा नंबरच्या खाटेवरच्या निंबाजीशेठांना खरोखरचा ताप भरला. सगळं रुग्णालय गोंधळून गेलं, कारण असा प्रसंग महिनाभरात आला नव्हता. धुरपदाबाई औषध घेऊन आल्या, पण निंबाजीशेठ उठून बसले.

"मले खऱ्या दवाखान्यात न्या," ते म्हणाले. "इथं बिमार मानसाची काई सोय नाई."

त्यांना खंडव्याला नेलं. एकोणतीस तारखेच्या सकाळच्या गाडीने दोन गोष्टी आल्या. एक, निंबाजीशेठांचा राजीनामा. दुसरे, भोपाळचे निरीक्षक. डाकबंगल्यात निवडणुकीचं सामान ठेवलेलं होतं आणि साहेबांची रात्र गाडीत बसून गेली होती. वॉर्डात येताच त्यांनी दोन रिकाम्या खाटांपैकी सभासदाच्या नावाची पाटी नसलेली खाट पाहिली.

"ज़रा कमर सीधी कर लूँ," असं म्हणून ते बारा नंबरवर आडवे झाले. दांडीला बांधलेली चिठ्ठी पाठीला टोचली म्हणून त्यांनी ती दोन्ही गाठींसकट ओढून काढली आणि उलट्या बाजूला पेन्सिलीने टिपणं घ्यायला वापरली. लीलाधर समोर उभा होता. त्याने साहेबांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

पंधरापैकी उरलेले चौघे सभासद लग्नाच्या वऱ्हाडात जळगावला होते. वॉर्डात दहा होते. एकाच्या अपुरेपणाने अनुदान जात होतं, तेव्हा गजाननरावांनी अनंत डॉक्टरांना अकरा रुपयांचा एक इसम शोधायला बाजारात पाठवलं. माणसं पुष्कळ भेटली. पण बाकीचे चौदा कोण आहेत, त्यांत आपला भाऊबंद तर नाही ना आणि पाटीवर नाव कितव्या ओळीत येईल, हे कळल्याशिवाय कुणी पैसे काढायला तयार होईना.

पहाटेपासून अधूनमधून येणाऱ्या वंदनाच्या कळा सव्वादहाला वाढल्या. रुग्णालयामागच्या लीलाधरच्या खोलीतून धुरपदाबाईंनी तिला धरून आणलं. मागे कौतिकराव होते. ते दोन दिवसांपूर्वीच रावेरहून नातवंडाचं तोंड पाहायला आले होते.

"अकरा नंबर खाली हाय," धुरपदाबाई दारातून म्हणाल्या. "पोरीले निजवते."

"थांबा, बाई," गजाननराव म्हणाले. "ती खाट सभासदाच्या जागेची आहे. नियम चौदा."

"सभासद तं गेला."

"सभासद गेला, जागा आहे. जागा भरेपर्यंत खाट राखीव. नाही तर ठराव करावा लागेल. तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यांत घेता येईल, पण कोरम हवा. आपण दहा आहोत."

धुरपदाबाईंनी दोन बोटं मोजली. "म्हंजे अकरावा मानूस नाई म्हनून खाट खाली, अन् अकरावा मानूस नाई म्हनून ती देता येत नाई."

"अगदी बरोबर," गजाननराव म्हणाले. इतक्या लवकर नियम समजलेलं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

कौतिकरावांनी खिशातून अकरा रुपये काढून पुढे केले. "हे घ्या. मले करा अकरावा."

"आपण परराज्यातले," गजाननराव हात जोडून म्हणाले.

"अन् ही?" त्यांनी वंदनाकडे बोट केलं.

"लग्न झाल्यापासून त्याही."

तेव्हा सगळ्यांनी लीलाधरकडे पाहिलं. अकरा नंबरची खाट त्याच्यापासून चार हातांवर होती. तिच्यावर परीटघडीची चादर होती, दोन उशा होत्या. बारा नंबरवर निरीक्षक कोपरावर टेकून पेन्सिल सरसावून बसले होते. आता एक नियम मोडला, की ती पेन्सिल चालणार, अनुदान जाणार आणि परवापासून दाराला कुलूप लागणार, हे लीलाधरला स्वच्छ दिसत होतं.

"तुम्हीच सांगा, लीलाधरभाऊ," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुमची पोरगी हाय."

"जरा थांबा, बाई," लीलाधर म्हणाला. "ठराव होऊ द्या."

हे आपणच बोललो हे त्याला आवाजावरून कळलं. वंदना भिंतीला हात लावून म्हणाली, "असू दे, बाबा. मी थोडा वेळ उभी राहते." लीलाधरला त्या क्षणी स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी उभ्या जन्मात वाटली नव्हती. पण हातातली नियमावली त्याने खाली ठेवली नाही.

धुरपदाबाई वॉर्डाच्या मध्यावर गेल्या. टेबलावरची इतिवृत्ताची वही, दौत आणि जिलेबीचं ताट त्यांनी उचलून गजाननरावांच्या मांडीवर ठेवलं आणि हिरव्या कापडासकट टेबलाचं एक टोक धरलं.

"टेबल कोनत्या नियमात हाय?" त्यांनी विचारलं.

गजाननरावांनी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. टेबलाविषयी तिच्यात काही नव्हतं, हे त्यांना जड मनाने मान्य करावं लागलं. तोवर कौतिकरावांनी दुसरं टोक धरलं होतं. टेबल शेजारच्या मलमपट्टीच्या खोलीत गेलं, मागोमाग वंदना गेली आणि दार लागलं.

पुढचा पाऊण तास सभा चालली नाही, कारण वही ठेवायला जागा नव्हती. दहा सभासद दहा खाटांवर बसून दाराकडे पाहत राहिले. जिलेबी कुणी खाल्ली नाही. सहा लेकरांचा बाप असलेले चुडामण पाटील महिनाभर रुग्णालयात होते, पण रुग्णालयात माणसं कशी बसतात ते त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. लीलाधर दाराशी उभा होता. आपली बायको असती तर तिने आपल्याला आज घरात घेतलं नसतं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

मग बाळ रडलं. धुरपदाबाई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड होतं.

"पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "मायबी चांगली हाय."

लीलाधर रडला, आणि कौतिकरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चुडामण पाटील खाटेवरून उतरले. नव्या बाळाचं तोंड रिकाम्या हाताने पाहायचं नसतं. त्यांनी कनवटीला हात घातला, दहाची नोट आणि एक बंदा रुपया काढला आणि बाळाच्या मुठीला लावला. मुठीत ते काही राहिले नाहीत. घरंगळून गजाननरावांच्या मांडीवरच्या वहीवर पडले.

गजाननराव ताडकन उभे राहिले. जिलेबीचं ताट खाली पडलं.

"पाटील, हे पैसे कुणाचे?"

"पोरीचे. तिले दिले मी."

"तिचे पैसे वहीवर पडले. सभा चालू आहे. जागा हीच आहे." गजाननरावांनी नियमावली उघडली. "जन्म बुऱ्हाणपूरचा, म्हणजे परराज्याचा प्रश्न नाही. नोकर नाही. वयाची अट नाही. महाजन, पावती फाडा."

"नाव काय लिहू?" लीलाधरने डोळे पुसत विचारलं.

"कुमारी चौधरी. वय दहा मिनिटं."

निरीक्षकांनी बारा नंबरवरून मान उंच करून डोकी मोजली. अकरा भरली. गजाननरावांनी योजना वाचून दाखवली आणि कुणाचा विरोध असल्यास बोलावं असं तीनदा विचारलं. दहा जण गप्प राहिले. अकरावी सभासद झोपली होती. योजना एकमताने मंजूर झाली.

"बच्ची का मत?" निरीक्षकांनी एक शंका काढली.

"इतर सभासदांसारखंच," गजाननराव म्हणाले. साहेबांनी महिनाभराची इतिवृत्तं चाळली आणि त्यांची खात्री पटली. त्यांनी स्वतःची धरून भरलेल्या खाटा मोजल्या, चिठ्ठीच्या पाठीवर ‘बारह में बारह’ असं लिहिलं आणि ती फाईलला टाचली. वंदनाच्या नावाची ती चिठ्ठी नंतर भोपाळला गेली आणि अनुदानाला आधार म्हणून कायमची तिथेच राहिली.

अकरा नंबरची खाट आता रीतसर कुमारी चौधरींची झाली होती. त्यांची आई सभासद नसल्याने तिला जमिनीवर चटई द्यावी, असं गजाननरावांचं मत पडलं. धुरपदाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि दोघींना एकाच खाटेवर निजवलं. लीलाधरने वहीत आईची नोंद ‘खाटेलगत’ अशी केली. त्या दिवशी त्याने लिहिलेलं तेवढं एकच खोटं त्याला बोचलं नाही.

अनंत डॉक्टर साडेबाराला बाजारातून एक इसम घेऊन परतले. त्याला उशीर झाल्याचं सांगून प्रतीक्षा यादीत पहिला नंबर देण्यात आला. कौतिकराव संध्याकाळच्या गाडीने रावेरला निघाले. "महाजन, तुम्ही म्हने पोरगी चटईवर बाळंत होनार नाई," ते जाताना म्हणाले. "शब्द पाळला तुम्ही."

रुग्णालय वाचलं. अनुदान दरसाल येत राहिलं, कारण खाटा दरसाल भरलेल्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी योजनेच्या रकमेतून अंगणात आणखी एक कडुनिंब लावण्यात आला, कारण एका झाडाखाली रोगी मावेनात. मलमपट्टीच्या खोलीत गेलेलं टेबल मात्र परत आलं नाही. गजाननरावांनी चार वेळा मागणी केली आणि चारही वेळा लीलाधरने लेखी उत्तर दिलं की टेबलाविषयी नियमांत काही नाही. पुढे अकरा वर्षं बुधवाऱ्यातल्या कित्येक बायका मंडळाच्या टेबलावर सुखरूप बाळंत झाल्या. मंडळाने रुग्णालयासाठी केलेलं ते सर्वांत भरीव काम होतं.

बारशाला मुलीचं नाव मंगला ठेवलं. ती पुढे रावेरलाच वाढली, पण तिचं सभासदत्व तहहयात होतं. ती कधी सभेला आली नाही, कशाला हरकत घेतली नाही आणि प्रत्येक ठरावात तिची संमती धरली गेली. आदर्श सभासद म्हणून तिचं नाव पाटीवर सोन्याच्या मुलाम्यात आहे.

ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. सगळे पोट धरून हसले. सगळ्यांनी धुरपदाबाईंची बाजू घेतली, गजाननरावांना नावं ठेवली आणि टायफाईडच्या म्हाताऱ्यासाठी चुकचुकले. आणि उठता उठता प्रत्येकाने इकडेतिकडे पाहून, आवाज खाली करून, तुमच्या मनात आत्ता आहे तेच विचारलं: एखादी जागा रिकामी आहे का हो? त्यांतल्या एकानेही कडुनिंबाखालची जागा विचारली नव्हती.